मुलाच्या फॉर्मवर 'इंडियन' लिहायचं का? मी पुण्याची, नवरा मॉरिशसचा, पोरगा इथला

पुणेकरीण_लेस्टर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय आणि घरात दोनदा वाद झालाय, म्हणून शेवटी इथे विचारते.

मी कोथरूडची, लग्नानंतर इंग्लंडात लेस्टरला आले त्याला आता ११ वर्षं झाली. नवरा मॉरिशसचा मराठी. त्याच्याकडे फक्त एवढंच माहीत आहे की पणजोबांचे वडील ऊसमळ्यावर कामाला म्हणून रत्नागिरीकडून बोटीने गेले. घरात बोलणं क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत, पण गणपती बसतो, आरत्या पाठ आहेत, सासूबाई पुरणपोळी करतात. मुलगा सात वर्षांचा, जन्म इथला, पासपोर्ट ब्रिटिश.

शाळा बदलली म्हणून नवीन फॉर्म आला. एक रकाना नॅशनॅलिटीचा, तिथे ब्रिटिश लिहिलं, त्यात वादच नाही. खाली एथ्निक ग्रुप, म्हणजे वंशाचा, तिथे मी विचार न करता 'इंडियन' वर टिक केली. संध्याकाळी नवऱ्याने बघितलं आणि ते खोडून 'इतर' मध्ये मॉरिशियन लिहिलं. मला लागलं ते. मी म्हटलं का खोडलंस, तर म्हणाला मी कधी इंडियन नव्हतो, माझे बाबा नव्हते, त्यांचे बाबाही नव्हते, तू माझ्या चार पिढ्या एका टिकमध्ये पुसल्यास. मी रागात म्हटलं मग घरी गणपती कशाला बसवता. हे मी बोलायला नको होतं, ते मी मान्य करते, त्याला खूप वाईट वाटलं.

आणि त्याच आठवड्यात पोरगा सकाळी दूध पिताना म्हणतो, आई वर्गातल्या मुलाने विचारलं तू कुठला, मी सांगितलं लेस्टरचा, तर तो म्हणाला तसं नाही, खरा कुठला. मग मी काय सांगायचं? मला त्याला एक सरळ उत्तर देता आलं नाही.

तर ज्यांच्या घरात असं दोन-तीन देशांचं मिश्रण आहे ते मुलांना काय सांगतात? आणि मॉरिशसचं कोणी इथे असेल तर प्लीज सांगा, नवऱ्याचं म्हणणं मला आतून समजून घ्यायचंय.

सह्याद्री_७७

ताई, माझं मत स्पष्ट आहे. पासपोर्ट ज्या देशाचा ते राष्ट्रीयत्व, विषय संपला. मुलगा ब्रिटिश. बाकी पणजोबा कुठले वगैरे घरातलं कौतुक आहे, ते घरात ठेवावं, फॉर्मवर कशाला. मी स्वतः २० वर्षं दुबईत काढली, तिथे जन्मलेल्या आपल्या मुलांना तिथलं नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे कागदाची किंमत काय असते ते आम्हाला विचारा. माझी मुलगी शारजात जन्मली, बारावीपर्यंत तिथे शिकली, आणि तरी दर वेळी व्हिसाची तारीख बघून आमचे श्वास वरखाली.

टेम्सकाठचा

@सह्याद्री_७७ पण फॉर्मवर ते विचारलंय म्हणूनच प्रश्न आलाय ना.

ताई, इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपली लोकं ते कायम एक करतात. २०२१ च्या इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत 'तुम्ही तुमची राष्ट्रीय ओळख कशी सांगाल' हा एक प्रश्न होता, तिथे हव्या तितक्या ठिकाणी टिक करता येत होती, ब्रिटिश पण, इंग्लिश पण, आणि 'इतर' मध्ये काय हवं ते लिहा. एथ्निक ग्रुपचा प्रश्न वेगळा, तिथे एकच टिक. तिथला 'इंडियन' म्हणजे भारताचा नागरिक नव्हे, पूर्वज त्या भागातले असा अर्थ धरतात. म्हणजे तुम्ही टिक केली ती चूक नव्हती. पण तुमच्या यजमानांनी तो शब्द नागरिकत्वाचा म्हणून वाचला आणि दुखावले गेले, तेही चूक नाही. शब्द एकच, प्रश्न दोन.

आणि हे रकाने काही देवाने केलेले नाहीत. अमेरिकेत १९७० च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांमध्ये मोजलं होतं, १९८० ला 'एशियन इंडियन' असा वेगळा रकाना आला. माझा काका तेव्हा न्यू जर्सीत होता, म्हणजे दहा वर्षांत माणूस तोच आणि त्याचा रकाना बदलला. शाळेच्या फॉर्मवर एथ्निसिटी सांगायची नाही असं लिहायचाही तुम्हाला हक्क आहे.

मोका_मॉरिशस

नमस्कार ताई. मी मॉरिशसची मराठी आहे, मराठी शाळेत शिकले आणि नंतर महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये. लिहिताना काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमचे मिस्टर बरोबर बोलत आहेत, आणि त्यांना एवढं का लागलं ते मी सांगते. आमचे लोक १८३४ नंतर करारावर आले. सगळे मिळून साडेचार लाखांच्या आसपास माणसं या बेटावर उतरली, जास्त कलकत्त्याहून, काही मद्रासहून, आणि मुंबई बंदरातून आपली मराठी माणसं. भारताचं नागरिकत्व ही गोष्टच राज्यघटनेबरोबर आली. आमचे आजोबा-पणजोबा त्याच्या खूप आधी इथे जन्मले, ब्रिटिश राणीची प्रजा म्हणून, आणि १२ मार्च १९६८ ला मॉरिशियन झाले. मधे भारतीय नागरिक कधी झालोच नाही. म्हणून कोणी 'तुम्ही इंडियनच ना' म्हटलं की आम्हाला वाटतं की ज्या माणसाने इथले दगड उचलून ऊस लावला त्याचं काहीच झालं नाही. आमच्या शेतात आजही ते काळे दगडांचे ढिगारे उभे आहेत, ज्वालामुखीचा दगड, हाताने वेचून रचलेले. माझी आजी त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायची, हे आपलं घराणं.

आता दुसरी बाजू ऐका. आमच्या घटनेत चार समाज लिहिले आहेत, हिंदू, मुस्लिम, सिनो-मॉरिशियन म्हणजे चिनी वंशाचे, आणि बाकी सगळे 'जनरल पॉप्युलेशन'. आणि कोण कशात हे 'जीवनपद्धतीवरून' ठरवायचं असं लिहिलंय. कागदावर मराठी माणूस हिंदू. पण रस्त्यावर विचाराल तर हिंदू म्हणजे बिहारकडून आलेले भोजपुरी लोक असंच समजतात, आणि तमिळ, तेलुगू, मराठी हे वेगळे. म्हणजे इथे मला कोणी विचारलं तू कोण तर मी 'मराठी' म्हणते आणि इथल्या माणसाला ते पूर्ण उत्तर वाटतं. तेच मी देशाबाहेर गेले की मॉरिशियन. पुण्याला शिकायला आले होते तेव्हा मेसवाल्या काकू म्हणायच्या, अगं मराठी म्हणतेस मग गाव कुठलं? मला रडू यायचं, कारण गाव माहीतच नव्हतं. आणि आडनाव सांगितलं तर त्यावरून काही कळायचं नाही, कारण आलेल्या माणसाचं स्वतःचं नावच कारकुनाने लिहून घेतलं आणि पुढे तेच आडनाव झालं. आमचं आडनाव म्हणजे पणजोबांच्या वडिलांचं पाळण्यातलं नाव.

पण गाव सापडू शकतं ताई. मोका गावी त्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आलेल्या लोकांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. माणसाचा नंबर, बापाचं नाव, जात, वय, उंची, बोट, जिल्हा, गाव. काहींचे फोटो पण आहेत. पिढ्या जुळवत, जन्माचे आणि लग्नाचे दाखले लावत मागे जावं लागतं, वेळ लागतो. माझ्या पणजोबांच्या वडिलांच्या नोंदीत 'डाव्या भुवईवर व्रण' असं लिहिलंय. मी तो कागद हातात घेऊन तिथल्या बाकावर किती वेळ बसले ते मला आठवत नाही.

मिस्टरांना विचारा की नोंद काढलीय का. बहुतेक काढली नसणार.

राजापूरचा_बाळ्या

@मोका_मॉरिशस ताई वाचून अंगावर काटा आला. मी तालुका राजापूर. मागे कोणीतरी मॉरिशसच्या गणपतीचा एक व्हिडिओ टाकला होता, खाली लिहिलेलं 'झाकरी'. मी म्हटलं हे झाकरी काय, लावून बघतो तर आमची जाखडी! गोल करून पोरं नाचतायत, मधे मृदंग आणि झांजा घेऊन गाणारे बसलेत, तोच ठेका, आमच्याकडे एका पायात चाळ बांधतात ते. आमच्या वाडीत ज्यांनी अख्खं आयुष्य जाखडीत घातलं त्या म्हाताऱ्या बुवांना दाखवला, ते चष्मा काढून म्हणाले परत लाव. तीनदा बघितला, मग म्हणाले ही माणसं आपलीच, पायावरून कळतं.

तेव्हा ताई, तुमच्या मिस्टरांना सांगा तुम्ही इंडियन नसाल तर नका होऊ, पण तुम्ही कोकणातले आहात हे कोणी खोडू शकत नाही.

पुणेकरीण_लेस्टर

सगळ्यांचे आभार. मोकाताई, तुमचं नवऱ्याला वाचून दाखवलं, त्याला देवनागरी हळूहळू येते पण एवढं मोठं जमत नाही. दगडांच्या ढिगाऱ्याचं वाचलं तेव्हा तो उठून किचनमध्ये गेला. नंतर सांगितलं की त्याच्या मामांच्या शेतात त्यांनी त्या ढिगाऱ्यांवर चढून खेळलंय. ११ वर्षांत हे मला पहिल्यांदा कळलं. नोंद खरंच काढलेली नाही, त्याच्या चुलतबहिणीला मेसेज केलाय.

ठाणे_इस्राएल

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, आमचं घर अलिबागचं, आता ठाण्यात. बहीण इस्रायलमध्ये अश्दोदला. आमच्या समाजाची अर्धी जिंदगी या प्रश्नात गेली आहे म्हणून लिहितो, थोडं लांब होईल.

आमच्यात सांगतात की नवगावच्या किनाऱ्यावर बोट फुटली, सात जोडपी वाचली, त्यांचे आम्ही. कोकणात तेलाचा घाणा चालवायचो आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला 'शनवार तेली' म्हणायचं. आडनावं गावांवरून, पेणकर, दिवेकर, नवगावकर, केहिमकर. म्हणजे धर्म यहुदी, भाषा मराठी, आडनाव कोकणचं. सणांची नावं बघा, नव्याचा सण, दार फाळणीचा सण, आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाच्या उपासाला आमच्या आज्या बिरड्याचा रोजा म्हणायच्या, कारण त्या दिवशी उपास सोडायला बिरडं. जेरुसलेमचं दुःख आणि वालाचं बिरडं एका ताटात, यात आजीला काहीच वेगळं वाटायचं नाही.

१९४८ नंतर बरेच लोक इस्रायलला गेले. तिथे गेल्यावर काय झालं तर ६० च्या दशकात तिथल्या मुख्य रब्बींनी हुकूम काढला की यांच्याशी लग्न लावायचं तर आधी यांचे पूर्वज तपासा. दोन हजार वर्षं शनिवार पाळून तिथे पोचल्यावर विचारतात तुम्ही खरे का. आमचे लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, १९६४ मध्ये संसदेने त्यांची बाजू घेतली तेव्हा ते मिटलं. माझे मामा त्या धरण्यात होते, म्हणायचे इतकं मराठी मी मुंबईतपण बोललो नव्हतो जितकं त्या दिवसांत बोललो.

आणि एक गोष्ट या धाग्याच्या विषयाला धरून. तिथल्या सरकारी नोंदीत नागरिकत्व वेगळं आणि 'लेओम' वेगळं, लेओम म्हणजे राष्ट्रीयत्व किंवा कूळ म्हणा. नागरिकत्व इस्रायली, पण लेओममध्ये यहुदी, अरब, द्रुझ असं लिहितात. काही नागरिक कोर्टात गेले की आमच्या लेओमपुढे 'इस्रायली' लिहा, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं. म्हणजे एका पूर्ण देशाच्या कागदावर हे दोन प्रश्न वेगळे छापलेत आणि तरी भांडण मिटलं नाही. बहिणीच्या शेजारणी तिला 'होदी' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानी. इथे अलिबागला आमच्या गल्लीचं नाव इस्राएल आळी. म्हणजे कोकणात आम्ही इस्राएल आणि इस्राएलात आम्ही हिंदुस्थानी.

बहिणीची मुलगी सैन्यात जाऊन आली, हिब्रूतच विचार करते. तिला विचारलं तू कोण तर म्हणते इस्रायली, आई होदी, आणि आजीबद्दल म्हणते 'आजी अलिबागची'. मुलं हे आपल्यापेक्षा सोपं करतात असं मला वाटतं. तुमच्या पोराला पण तसंच माणसामाणसाने सांगा, मी लेस्टरचा, आई पुण्याची, बाबा मॉरिशसचे. वर्गातल्या मुलाला एवढं पुरे.

कुंभकोणम_राव

नमस्कार. मी तंजावूर मराठी. व्यंकोजीराजे सतराव्या शतकात इकडे आले, त्यांच्या राज्यात आमचे लोक आले आणि राहिले. आता माझी मराठी तुमच्या मराठीसारखी राहिली नाही, घरात बोलतो ती ऐकून पुण्यातला रिक्षावाला म्हणाला साहेब तुम्ही कानडी का. इथे तमिळ शेजारी आम्हाला 'रायर' म्हणतात. पिढ्यांवर पिढ्या इथे गेल्या आणि अजून शाळेत पोराला विचारतात की तुमचं नेटिव्ह कुठलं, त्याने कुंभकोणम सांगितलं तर म्हणतात नाही, त्याच्या आधीचं.

आम्हाला पासपोर्टची अडचण नाही, सगळे भारतीय. पण प्रश्न तोच. माझे वडील एकदा बृहदीश्वराच्या देवळात मला घेऊन गेले, तिथे भिंतीवर सरफोजीराजांच्या काळात कोरलेला भोसले घराण्याचा मोठा मराठी शिलालेख आहे. ओळीवर बोट फिरवून वाचायला लावला. अर्धा मला कळला नाही. वडील म्हणाले, कळला नाही तरी चालेल, भिंत तमिळ आहे आणि अक्षर आपलं आहे, एवढं लक्षात ठेव. मी माझ्या मुलाला नेलं तेव्हा त्याने आधी दगड कुठला ते विचारलं.

जनगणनेत मातृभाषा विचारतात, तिथे आम्ही दर वेळी मराठी लिहितो. एवढा एक रकाना आमच्यासाठी आहे.

म्हापसेकर

गोंयचो एक मुद्दा. माझे वडील १९६१ च्या आधी जन्मले म्हणजे पोर्तुगीज राजवटीत. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना लिस्बनच्या रजिस्टरमध्ये जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. माझ्या धाकट्या भावाने घेतलं आणि त्यावर तो इंग्लंडातल्या स्विंडनला गेला, तिथे अर्धं गाव आमचंच आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. जमा करायच्या आदल्या रात्री आईने तो पासपोर्ट देवापाशी ठेवला होता. भाऊ पोर्तुगीजचा एक शब्द बोलत नाही, त्याला पोर्तुगीज म्हटलं तर त्यालाच कसंतरी होतं, तो गोंयकार म्हणतो. गावातल्या काही लोकांनी त्याला देश विकला असं तोंडावर सुनावलं. ज्याच्या घरी कर्ज होतं त्याने काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

@सह्याद्री_७७ म्हणून कागद म्हणजेच माणूस हे मला पटत नाही.

सह्याद्री_७७

@म्हापसेकर तुमच्या आईचं वाचलं आणि गप्प झालो. माझं म्हणणं थोडं बदलतो. कागद जपावाच, त्याच्याशिवाय माणसाचे हाल होतात हे मी बघितलंय. पण माझी मुलगी आज पुण्यात नोकरी करते, आणि कोणी विचारलं कुठली तर ती शारजा म्हणते. मला त्याचा राग यायचा. आता वाटतं बालपण तिथे गेलं तर ती दुसरं काय सांगणार.

टेम्सकाठचा

ताई, एक उपयोगाची गोष्ट राहिली. २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रपती मुर्मू मॉरिशसला गेल्या होत्या तेव्हा भारतीय वंशाच्या मॉरिशियन लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळेल असं जाहीर झालं. म्हणजे यजमानांना हवं असेल तर वाट आहे. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नाही हे लक्षात ठेवा, मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण त्यांना मॉरिशियन राहूनच येता-जाता येईल. त्यांच्यावर जबरदस्ती मात्र करू नका, त्यांना वाटलं तर.

पुणेकरीण_लेस्टर

दीड महिन्याने लिहितेय, सॉरी. फॉर्मचं सांगते आधी. आम्ही दोघांनी बसून 'इतर' मध्ये 'मॉरिशियन आणि भारतीय, मराठी' असं लिहिलं, शाळेने काही विचारलं नाही. पोराने त्या मुलाला ठाणेकर दादांसारखं सांगितलं, तर त्या मुलाने विचारलं मॉरिशसमध्ये शार्क असतात का आणि तिथून पुढे दोघं शार्कवरच बोलले.

आता मोठी बातमी. चुलतबहिणीला नोंद मिळाली!! फोटो नाही, पण वय २२, उंची, बोट, बापाचं नाव सगळं आहे. नवरा दोन दिवस तोच कागद फोनवर मोठा करकरून बघतोय. जिल्हा रत्नागिरी स्पष्ट आहे. पण गावाचं नाव कारकुनाने कानाने ऐकून इंग्रजीत लिहिलंय, ते वाचताना 'कारापाटन' असं काहीतरी होतं. मी नकाशावर अख्खा रत्नागिरी जिल्हा पालथा घातला, कुठेच नाही. बाळ्यादादा, तुम्हाला काही सुचतंय का?

राजापूरचा_बाळ्या

ताई ते खारेपाटण असणार! रत्नागिरी जिल्ह्यात शोधून मिळणारच नाही, कारण १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि खारेपाटण तिकडे गेलं, तेव्हा मात्र सगळं रत्नागिरीच. आमच्या तालुक्याला लागूनच आहे. जुनं बंदर, विजयदुर्गच्या खाडीतून गलबतं आत यायची, म्हणजे तिथला माणूस मुंबईला आणि पुढे बोटीवर गेला हे अगदी बरोबर बसतं.

पण घाई नको. नोंदीत जात आणि बापाचं नाव आहे ना, ते मला मेसेज करा, इथे टाकू नका. आणि सासूबाईंना एक विचारा, घरात देवाला नारळ ठेवताना गाऱ्हाणं घालतात का, आणि त्यात कुठल्या देवाचं नाव येतं. जे तोंडी आलंय ते तसंच्या तसं लिहून पाठवा, शब्द मोडका असला तरी सुधारू नका. त्याच्यावरून वाडी सापडते का बघतो.

पुणेकरीण_लेस्टर

आत्ता फोन लावला. गाऱ्हाणं घालतात! सासूबाई क्रिओलमध्ये बोलता बोलता थांबल्या आणि एका दमात पूर्ण म्हणून दाखवलं, नवरा म्हणतो लहानपणापासून ऐकलंय पण अर्थ कधी विचारला नव्हता. रेकॉर्ड केलंय, तुम्हाला पाठवते.